घरच्या शाळेत सभा कोठून आणावी?

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस, वीस वर्षे रोममधील तरुणांना वक्तृत्व शिकवून सेवानिवृत्त झालेला क्विन्टिलियन जेव्हा आपल्या बारा खंडांच्या प्रचंड ग्रंथाची मांडणी करू लागला, तेव्हा उपमा-रूपकांचा किंवा न्यायसभेतील युक्तिवादांचा विचार हाती घेण्यापूर्वी त्याला एक अगदी प्रापंचिक प्रश्न निकालात काढावा लागला: जो मुलगा पुढे वक्ता व्हावयाचा, त्याला घरी एका पंतोजीच्या हवाली करावे, की चारचौघांबरोबर शाळेत धाडावे? शाळेविरुद्धचे दोन आक्षेप त्याच्या काळी सर्वतोमुखी होते. शाळेत मुलांची नीती बिघडते, हा एक. आणि एका गुरूचे लक्ष अनेकांत वाटले गेल्यामुळे कोणाच्याच पदरात पुरते पडत नाही, हा दुसरा. पहिल्यावर त्याचे उत्तर रोखठोक आहे: नीती घरातही बिघडते, आणि ती बिघडविण्याचे काम पुष्कळदा आईबापांचे लाडच करीत असतात. दुसऱ्यावर तो म्हणतो की, गुरूची वाणी म्हणजे पंगतीतले अन्न नव्हे की पाने वाढली म्हणून ते अपुरे पडावे. ती सूर्यप्रकाशाच्या जातीची आहे. परंतु त्याचा खरा मुद्दा याहून खोल आहे. ज्याला जन्मभर लोकांच्या नजरेसमोर वावरावयाचे, त्याने बाळपणापासून माणसांना बिचकता कामा नये. आणि मनुष्यजात जर एका वेळी एकाशीच बोलत राहिली असती, तर वक्तृत्व ही वस्तू जगात उत्पन्नच झाली नसती, असे त्याचे म्हणणे आहे. (ग्रंथाचे पहिले तीन खंड लिहून होतात न होतात तोच डोमिशियन बादशहाने आपल्या बहिणीच्या नातवंडांचे शिक्षण याच गृहस्थांकडे सोपविले, आणि शाळेचा हा कैवारी राजवाड्यातील घरचा शिक्षक झाला.)

गेल्या चार-पाच दशकांत अमेरिकेत जी मुले शाळेत न जाता घरीच शिकतात, त्यांच्या आईबापांपैकी एक मोठा वर्ग आज याच क्विन्टिलियनचे, त्याच्या आधीच्या ॲरिस्टॉटलचे आणि सिसेरोचे नाव घेऊन आपल्या मुलांना वक्तृत्वशास्त्र शिकवू पाहतो, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे. ही मंडळी संख्येने क्षुल्लक नाहीत. तेथील केंद्रीय शिक्षण खात्याच्या गणनेनुसार 1999 मध्ये घरी शिकणारी मुले सुमारे साडेआठ लाख होती. 2019 पर्यंत ती पंधरा लाखांच्या घरात गेली. आणि 2020 च्या महामारीत जनगणना खात्याने केलेल्या पाहणीत, घरी शिकविणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण वसंत ऋतूतील 5.4 टक्क्यांवरून शरदापर्यंत 11.1 टक्क्यांवर गेल्याचे दिसून आले. शाळा उघडल्यावर त्यांतली बरीच परत गेली, पण सगळी नाहीत. जी परतली नाहीत त्यांत न्यू जर्सी, टेक्सस, कॅलिफोर्निया या राज्यांतील भारतीय कुटुंबेही आहेत, आणि त्यांत आपली मराठी माणसेही आहेत.

न्यू जर्सीचा उल्लेख मी मुद्दाम करतो, कारण क्विन्टिलियनने उपस्थित केलेला प्रश्न त्या राज्यात चक्क न्यायालयात लढविला गेला. तेथील कायदा असे म्हणतो की, मुलाला शाळेत तरी पाठवावे किंवा शाळेबाहेर तत्सम दर्जाचे शिक्षण तरी द्यावे. आता ‘तत्सम’ यात काय काय येते? 1937 मध्ये स्टीफन्स विरुद्ध बॉन्गार्ट या खटल्यात न्यायालयाने कौल दिला तो घरच्या शिक्षणाच्या विरुद्ध, आणि त्या निकालात समवयस्कांच्या सहवासाला मोठे महत्त्व होते; घरी बसून तो सहवास मिळत नाही, सबब शिक्षण तत्सम नाही. तीस वर्षांनी, 1967 मध्ये, मॉरिस परगण्यातील मासा नावाच्या एका बाईंवर, आपल्या मुलीला घरी शिकविते म्हणून फिर्याद झाली. बाईंचे स्वतःचे शिक्षण हायस्कूलपुरतेच होते. तरी त्यांनी मुलीच्या अभ्यासाचे कागद, तक्ते, वह्या न्यायालयापुढे मांडल्या, आणि न्यायाधीशांनी असा निर्वाळा दिला की कायद्याला अभिप्रेत असलेली तुल्यता ही विद्येची आहे, सामाजिक संगतीची नव्हे. बाई निर्दोष सुटल्या. आज त्या राज्यात मुलाला घरी शिकवावयाचे तर सरकारदरबारी साधा अर्जही करावा लागत नाही, तर शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात वार्षिक योजनेचा मसुदा आणि दर तिमाहीचा अहवाल हे सारे सोपस्कार आहेत. मासा खटल्याचा निकाल गणिताला, इतिहासाला, लॅटिन व्याकरणालासुद्धा बिनहरकत लागू पडतो. एका विषयाच्या बाबतीत मात्र तो मला लंगडा वाटतो, आणि तो विषय म्हणजे वक्तृत्वशास्त्र.

हा विषय या घरांत आला कसा, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. गुप्तहेरकथांच्या लेखिका म्हणून ख्यातनाम झालेल्या आणि उत्तरायुष्यात दान्तेच्या भाषांतराला वाहून घेतलेल्या डोरोथी सेयर्स यांनी 1947 मध्ये ऑक्सफर्ड येथे एक व्याख्यान दिले. मध्ययुगातील व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही विद्यात्रयी म्हणजे वस्तुतः मुलाच्या वाढीचे तीन टप्पे आहेत, अशी कल्पना त्यांनी त्यात मांडली: पोपटपंचीचे वय, उलट उत्तरे देण्याचे वय, आणि स्वतःला व्यक्त करण्याची ओढ लागलेले काव्यमय वय. मध्ययुगीन पाठशाळांत असे वयवार टप्पे कोणी पाळले होते असे इतिहासात दिसत नाही, आणि अध्यापनाचा आपला अनुभव तुटपुंजा असल्याची कबुली खुद्द बाईंनीच व्याख्यानात दिली आहे. पण ज्या घरात चौदा वर्षांचा मुलगा राहतो त्या घरातील कोणाही आईला दुसरा टप्पा समजावून सांगावा लागत नाही. 1981 मध्ये आयडाहो राज्यातील मॉस्को या गावी या धर्तीची एक शाळा निघाली. तिच्या संस्थापकांपैकी डग्लस विल्सन यांनी 1991 मध्ये या विचाराचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले. आणि 1999 मध्ये जेसी वाइज व सुसान वाइज बाऊर या मायलेकींचा ‘द वेल-ट्रेन्ड माइंड’ हा जाडजूड मार्गदर्शक निघाल्यावर ती कल्पना शाळांतून घराघरांत शिरली. नववीपासून बारावीपर्यंतच्या चार वर्षांना या मंडळींत सरसकट ‘र्‍हेटरिक स्टेज’ म्हणतात.

यात एक ऐतिहासिक न्यायही आहे. अमेरिकेत हा विषय कधी नव्हताच असे नाही. हार्वर्डच्या बॉयल्स्टन अध्यासनावर 1806 मध्ये वक्तृत्वाचा पहिला प्राध्यापक म्हणून जो रुजू झाला तो जॉन क्विन्सी ॲडम्स पुढे त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. त्याच अध्यासनावर 1876 मध्ये ॲडम्स शर्मन हिल आला तोपर्यंत वारे फिरले होते. बोलणे मागे पडून लेखी निबंध पुढे आला होता, आणि निबंधाची दुरुस्ती म्हणजे शुद्धलेखन, विरामचिन्हे आणि परिच्छेदांची मोजदाद, असा शिरस्ता पडत चालला होता. एक प्रस्तावना, तीन मुद्दे, एक समारोप असा जो पाच परिच्छेदांचा निबंध अमेरिकन शाळांत आजही घोटून घेतला जातो, तो त्याच घराण्यातला. घरी शिकविणाऱ्यांना नेमका त्याचाच उबग आला आहे.

न्यू जर्सीतील अशाच एका मराठी घरी या लेखाच्या निमित्ताने माझे जाणेयेणे झाले. आई पूर्वी एका विमा कंपनीत संगणकाचे काम करीत असे. महामारीत मुलगा घरी राहिला तो राहिलाच. आता तो दहावीत आहे. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला त्याची शाळा भरते, दुसऱ्या टोकाला पोळ्या लाटल्या जातात. “काका, गणिताची मला चिंता नाही,” ती मला म्हणाली, “उत्तर चुकलं तर पुस्तकाच्या मागे बघता येतं. पण याने निबंध लिहिला, तो वाचणारी मी, आणि पटला की नाही हे ठरवणारीही मीच. मला तर त्याचं सगळंच पटतं, नाही तर काहीच पटत नाही.” एका वाक्यात तिने क्विन्टिलियनचा सारा युक्तिवाद सांगितला होता, आणि तिने क्विन्टिलियन वाचलेला नव्हता.

तिच्या समोरचा पहिला प्रश्न अर्थात पुस्तकाचा होता, आणि बाजारात पुस्तकांची वाण नाही. बहुतेक प्रकाशक ख्रिस्ती विचारसरणीचे आहेत, हे आरंभीच सांगून टाकतो. उदाहरणे बायबलातील असतात, कोठे प्रार्थनाही असते, आणि आपल्या घरांनी ते गृहीत धरून, हवे तेथे आपली उदाहरणे घालून पुढे जावे, त्यात बिचकण्यासारखे काही नाही. सर्की इन्स्टिट्यूट या संस्थेचा ‘द लॉस्ट टूल्स ऑफ रायटिंग’ हा पाठ्यक्रम सर्वांत नावाजलेला, आणि माझ्या मते आरंभासाठी सर्वांत उपयुक्त. प्राचीनांनी वक्तृत्वाची पाच अंगे मानली: मुद्दा शोधणे, मांडणी, शैली, स्मरण आणि सादरीकरण. हा पाठ्यक्रम त्यांपैकी पहिली तीनच घेतो, पण पहिल्या अंगावर जो भर देतो तो इतरत्र दुर्मिळ आहे. एखाद्या गोष्टीतील पात्राने अमुक करावयास हवे होते की नव्हते, असा प्रश्न घ्यावयाचा. कागदावर तीन रकाने पाडावयाचे. एकात बाजूचे, दुसऱ्यात विरुद्ध बाजूचे, आणि तिसऱ्यात जे या दोहोंत बसत नाही पण कुतूहलाचे आहे असे सारे मुद्दे, बरे-वाईट न निवडता, ओतावयाचे. आणि ते झाल्यावरच आपली बाजू ठरवावयाची. ‘आधी मत, मग कारणे’ हा जो आपला सर्वांचा स्वाभाविक क्रम, तो येथे सक्तीने उलटा केला जातो.

आईने पाठ्यक्रमातील नार्नियाच्या गोष्टीऐवजी महाभारतातील सभापर्व घेतले. द्यूताचे निमंत्रण युधिष्ठिराने स्वीकारावयास हवे होते काय? तो कागद मी पाहिला. होकाराच्या रकान्यात धृतराष्ट्राची आज्ञा, आव्हान न नाकारण्याचा क्षत्रियाचा पण, न गेल्यास भावांभावांत उघड तेढ; नकाराच्या रकान्यात शकुनीची ख्याती, राजाने डावावर लावू नये अशा वस्तू, फासे स्वतःला खेळता येत नसणे. हे कोणीही लिहील. तिसऱ्या रकान्यात मात्र मुलाने इंग्रजी-मराठीच्या मिश्रणात एक ओळ लिहिली होती, तिचा आशय असा: निमंत्रण घेऊन येणारा विदुर, आणि द्यूताने नाश होतो हे बजावणाराही विदुरच, मग तो निरोप्या होता की सल्लागार, आणि आपल्याशी कोण बोलत आहे हे युधिष्ठिराने ओळखले का? या एका ओळीतून पुढचा सारा निबंध निघाला. त्यात द्रौपदीही आली, कारण तिला न्यावयास आलेल्या प्रातिकामी या निरोप्याला परत पाठवून, राजा आधी स्वतःला हरला की मला, असा प्रश्न ती सभेला विचारावयास लावते, तेव्हा ती एका माणसाशी बोलत नसते, सगळ्या सभेला जाबसालात ओढीत असते. आणि भीष्म धर्माच्या सूक्ष्मतेचा आधार घेऊन सुटका करून घेतो, एकटा विकर्ण तेवढा उठतो. न्यायसभेतील वक्तृत्वाचा याहून उत्तम पाठ ग्रीकांकडेही शोधून काढावा लागेल.

याच पाठ्यक्रमात, बऱ्याच पाठांनंतर, एक पायरी येते: हा विषय कोणाच्या दृष्टीने महत्त्वाचा, आणि का? माझी तक्रार एवढीच की, ही पायरी अखेरीस येते, आणि ती निबंधाच्या शेपटीला जोडलेली असते. खरे तर पहिला रकाना पाडण्यापूर्वीच ती असावयास हवी.

क्लासिकल अकॅडेमिक प्रेसचे ॲलिसन बार्न्सलिखित ‘र्‍हेटरिक अलाइव्ह’ हे पुस्तक दुसऱ्या वाटेने जाते. ते पंधरा प्रकरणांत ॲरिस्टॉटलचा ग्रंथ उलगडते: वक्त्याचे चारित्र्य, श्रोत्याची भावना आणि विषयातील तर्क ही तीन साधने, पुढे काय करावे याची सल्ला-सभा, मागे काय घडले याची न्यायसभा आणि स्तुतिनिंदेचा प्रसंग, ही भाषणाची तीन स्थाने, आणि प्रत्येक प्रकरणाबरोबर एक संपूर्ण नमुना, पेरिक्लीसच्या अंत्यभाषणापासून मार्टिन ल्यूथर किंगच्या बर्मिंगहॅम तुरुंगातील पत्रापर्यंत. या शेवटच्या पत्रासाठी ते पुस्तक विकत घ्यावे असे मी म्हणेन, पण पत्र स्वतंत्रपणेही मिळते, तेव्हा तसे म्हणत नाही. 1963 च्या एप्रिलात, अलाबामातील आठ धर्मगुरूंनी किंगच्या चळवळीला अवेळी व उतावीळ ठरविणारे निवेदन वृत्तपत्रात प्रसिद्ध केले. तुरुंगात त्याला कागद नव्हता म्हणून त्याने त्याच वृत्तपत्राच्या समासात उत्तराचा आरंभ केला. मुलांना हे पत्र नेहमी अन्यायाविरुद्धची गर्जना म्हणून शिकविले जाते. प्रत्यक्षात त्याची रचना अत्यंत हिशेबी आहे. अन्याय्य कायदा म्हणजे काय, हे सांगताना किंग ऑगस्टिन व ॲक्वायनस यांचा आधार घेतो, लगोलग ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबरचा, आणि मग प्रॉटेस्टंट धर्मचिंतक पॉल टिलिखचा. हे विद्वत्तेचे प्रदर्शन नव्हे. त्या आठांत कॅथलिक बिशप होता, प्रॉटेस्टंट होते, आणि एक ज्यू रब्बीही होता. ज्याला जो साक्षीदार नाकारता येणार नाही, तोच त्याच्यासमोर उभा केला आहे. श्रोता कोण हे काढून टाका, आणि त्या परिच्छेदातील नावांची निवड निव्वळ योगायोगाची वाटू लागते.

उरलेल्या पुस्तकांविषयी फार लिहावेसे वाटत नाही. मेमोरिया प्रेसचे मार्टिन कोथ्रान यांनी ॲरिस्टॉटलच्या मूळ ग्रंथावर काढलेली प्रश्नावली शिस्तप्रिय मुलाला रुचेल, इतरांना ती कार्यालयातील तक्ता भरल्यासारखी वाटेल. एडवर्ड कॉर्बेट यांचे 1965 मधले ‘क्लासिकल र्‍हेटरिक फॉर द मॉडर्न स्टुडंट’ हे या साऱ्यांचे आजोबा. महाविद्यालयासाठी लिहिलेले, जड, पण आईने स्वतःच्या टेबलावर ठेवावे असे. स्कॉट क्राइडर यांचे ‘द ऑफिस ऑफ असर्शन’ लहान, सुबक, आणि बारावीसाठी पुरेसे.

एक गोष्ट मात्र या पुस्तकांच्या जाहिरातीत सांगितली जात नाही: चौदाव्या वर्षी मुलाच्या हाती ॲरिस्टॉटल द्यावयाचा, तर त्याआधी काही वर्षांची पूर्वतयारी लागते. चौथ्या शतकातील अँटिऑकच्या ॲफ्थोनियसने चौदा पाठांची जी शिडी बांधली, ती हीच: बोधकथेपासून आरंभ, मग वृत्तांत, सुभाषित, खंडन, मंडन, स्तुती, निंदा, तुलना, दुसऱ्याच्या तोंडचे भाषण, वर्णन, आणि शेवटी एखाद्या कायद्याच्या बाजूने वा विरुद्ध प्रतिपादन. त्यातील तिसरा पाठ मला विशेष वाटतो. एका थोर माणसाची उक्ती घ्यावयाची. ॲफ्थोनियसने आयसोक्रेटीसची घेतली आहे, शिक्षणाची मुळे कडू आणि फळे गोड अशा अर्थाची. मग आठ पायऱ्या: उक्ती करणाऱ्याची स्तुती, उक्तीचा अनुवाद, तिचे कारण, उलट बाजू, उपमा, उदाहरण, पूर्वसूरींची साक्ष, आणि अल्पसा उपसंहार. ज्याने असे वीस-पंचवीस पाठ तुकोबाच्या नि बहिणाबाईंच्या उक्तींवर केले असतील, त्याला पुढे कोणतेही पुस्तक चालेल. ज्याने केले नसतील, त्याला दहावीतही आधी हेच द्यावे, आणि वय वाढले म्हणून लाजू नये.

महाविद्यालयाच्या प्रवेशाची बाब वेगळी, आणि ती तिची तीच असू द्यावी. कॉलेज बोर्डाच्या इंग्रजी भाषा-रचनेच्या प्रगत परीक्षेत तीन निबंध असतात, त्यांतला एक दुसऱ्याच्या भाषणाचे वा लेखाचे वक्तृत्वदृष्ट्या विश्लेषण मागतो. वरीलपैकी कोणताही एक पाठ्यक्रम नीट झाला असेल तर तो निबंध मुलाला जड जात नाही. परीक्षेला बसू देणारी जवळची शाळा मात्र आईबापांनी स्वतः शोधावी लागते, आणि ट्रान्सक्रिप्टवर एक पूर्ण श्रेयांक दाखविण्यापूर्वी एकशे वीस तासांचा हिशेब दप्तरी ठेवलेला बरा.

आता सभेचा प्रश्न. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी ‘एनसीएफसीए’ आणि ‘स्टोआ’ या दोन वादस्पर्धा-संघटना अमेरिकाभर पसरलेल्या आहेत. दोन्ही ख्रिस्ती श्रद्धेवर उभ्या आहेत, सबब इतर धर्मीयांनी सदस्यत्वाचे नियम आधी बारकाईने वाचून मग पाऊल उचलावे. त्यांचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो: निवाडा करावयास गावातील साधी माणसे बसवितात, इतर मुलांचे आईबाप बसवितात, आणि ती मंडळी हाती कागद घेऊन कौल लिहून देतात. तज्ज्ञ परीक्षकाला लांबच लांब परिभाषेत गुंडाळता येते. शेजारच्या सुताराला नाही. दोष असा की, कोणत्या बाजूने उभे राहावयाचे हे स्पर्धेतच ठरते, आणि जिंकण्याची चटक लागते. आपल्या न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत: सत्याच्या शोधासाठी केलेला वाद, विजयासाठी केलेला जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची केवळ मोडतोड करणारी वितंडा. स्पर्धा हा जल्प आहे, आणि जल्प निषिद्ध नाही. पण ज्या मुलाला घरी वादाची सवय नाही त्याला जल्पातून वितंडेपर्यंत जावयास फार वेळ लागत नाही.

मग आपल्या मंडळींकडे पाहावे, तर तेथेही सभा आहेच. प्रत्येक मोठ्या गावात महाराष्ट्र मंडळ आहे, गणेशोत्सव आहे, मुलांची वक्तृत्वस्पर्धा आहे. 1875 मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून मराठी माणसाला भाषणाचे जे वेड लागले ते साता समुद्रापार गेले, याचा अभिमान वाटतो. पण स्पर्धेचे भाषण बाप लिहितो, आई पाठ करून घेते, मूल हातवारे करते. म्हणजे पाच अंगांपैकी शेवटची दोन तेवढी मुलाच्या वाट्याला येतात, पहिली तीन घरातील वडील माणसे वापरून टाकतात. आणि मंडळाचा श्रोता हा प्रेमळ श्रोता आहे. तो प्रत्येकाला टाळ्या देतो. अशा श्रोत्यासमोर भाषण बिघडूच शकत नाही, म्हणून ते सुधारतही नाही.

त्या घरच्या आईने शेवटी जी तजवीज केली ती मला कोणत्याही पुस्तकात आढळली नव्हती. न्यू जर्सीत 1975 च्या खुल्या सभांच्या कायद्याखाली नगरपालिकेला आणि शिक्षण मंडळाला आपल्या सभांत नागरिकांच्या बोलण्यासाठी वेळ राखून ठेवणे भाग आहे. गावच्या वाचनालयाच्या रविवारच्या वेळेविषयी बोलावयास तिने मुलाला तेथे पाठविले. त्याने चार पाने लिहिली होती. आरंभी सिसेरो होता, मध्यंतरी अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय. मी मागच्या रांगेत बसलो होतो. चिटणीस बाईंनी त्याचे नाव व पत्ता नोंदवून घेतला, समोरचे घड्याळ तीन मिनिटांवर लावले, आणि अलेक्झांड्रिया पेटण्यापूर्वीच ते वाजले. सभासदांपैकी एका वृद्ध गृहस्थांनी मान वर करून विचारले, “रविवारी तुम्ही मुले येणार किती वाजता? सकाळी की दुपारी?” त्याला याचे उत्तर ठाऊक नव्हते. पुढच्या महिन्यात तो पुन्हा गेला तेव्हा दोनच परिच्छेद होते; वाचनालयाच्या दाराशी उभे राहून त्याने रविवारी आलेल्या आणि परत फिरलेल्या माणसांची टिपणे केली होती, आणि बोलणे दुपारी दोनपासूनच्या वेळेबद्दल होते. सिसेरोचे नाव त्यात नव्हते. रविवारचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. अंदाजपत्रकाच्या चर्चेत तो घ्यावयाचे त्यांनी कबूल केले आहे.

यंदाच्या वर्षासाठी तिने ‘लॉस्ट टूल्स’चा पहिला भाग, त्याच्या जोडीला ॲफ्थोनियसचे निवडक पाठ, आणि महिन्याला एक जाहीर सभा, असा बेत पक्का केला आहे; आधी मागविलेला महागडा चित्रफितींचा अभ्यासक्रम परत पाठविला. वाद उरला आहे तो स्मरणाचा. भाषण तोंडपाठ असावे, असे आईचे मत. कागद हाती असला तर काय बिघडले, असे मुलाचे. मी आईच्या बाजूचा आहे, आणि तसे मी त्याला सांगितलेही: जो कागदाकडे पाहतो त्याला समोरचा माणूस कपाळाला आठी घालतो ती दिसत नाही. तो म्हणाला की, हे कारण आजोबा, तुमच्या पहिल्या रकान्यात घाला, दुसरा अजून रिकामा आहे. आता दोघांनी तीन-तीन मिनिटे बोलावयाचे ठरले आहे. निवाडा मी करावा असे आईने सुचविले, पण मी एका बाजूचा साक्षीदार असल्याची हरकत मुलाने तत्काळ घेतली, आणि ती रास्त होती. तेव्हा पलीकडच्या घरातील टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या गृहस्थांना बोलावणे गेले आहे. त्यांना क्विन्टिलियन ठाऊक नाही, मराठी येत नाही, आणि शनिवारी साडेचारनंतर त्यांना बागेला पाणी घालावयाचे असते.